अमिरातीच्या वाळवंटातली झाडंझुडपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान संयुक्त अरब अमिरातीपुरतं आहे. यातलं बरंचसं कतारला आणि उत्तर ओमानला लागू पडेल. दक्षिण ओमानमधल्या सलालाला मात्र नाही, कारण तिथे खरीफचा, म्हणजे मान्सूनचा, पाऊस असतो आणि डोंगरावरची झाडं निराळी आहेत.

वाळवंटात आपोआप काही उगवतं का? की जे हिरवं दिसतं ते सगळं लावलेलंच?

शहरात आणि महामार्गालगत दिसणारं जवळपास सगळं लावलेलं असतं. कुठल्याही झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहा, ठिबकची काळी नळी सापडेल. हिरवळ, पेटुनियाचे ताटवे, बोगनवेल, कोनोकार्पसच्या (इथे त्याला दमस म्हणतात) भिंती, हे सारं प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर किंवा खारेपणा काढलेल्या पाण्यावर उभं असतं. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला 8 ते 10 लिटर पाणी लागतं. पंप बंद पडला तर आठवडाभरात तिचा रंग उडतो.

आपोआप उगवणाऱ्या वनस्पतीही पुष्कळ आहेत, साधारण 600 ते 700 जाती. पण त्यांतल्या बऱ्याच हंगामी असतात. वर्षातले आठ-नऊ महिने त्या फक्त बियांच्या रूपात वाळूत पडून असतात, म्हणून जुलैत फिरणाऱ्याला देश उघडाबोडका वाटतो.

पाऊस किती पडतो?

देशाची सरासरी वर्षाला 100 मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैच्या एखाद्या मुसळधार दिवसात इतका पडून जातो. दक्षिणेला लिवाकडे, रुब अल खाली या मोठ्या वाळवंटाच्या काठाला, याहूनही कमी. हजर डोंगरात थोडा जास्त. तो बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये येतो आणि एखादं वर्ष कोरडंही जातं.

आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची. नोव्हेंबर-डिसेंबरात 15-20 मिलिमीटर पडला तरी बिया रुजतात, कारण पुढे तीन महिने गारवा असतो आणि रोपाला फुलून बी धरायला सवड मिळते. 16 एप्रिल 2024 ला अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाऊस झाला. मोठ्या झाडांना आणि भूजलाला त्याचा फायदा झाला, पण हंगामी फुलांच्या दृष्टीने तो उशिराचा. मे उजाडला की कोवळं रोप करपतं.

कुठल्या भागात काय दिसतं?

वाळवंट म्हणजे सगळीकडे सारखी वाळू, ही समजूत आधी सोडा. इथे कुठलीही वनस्पती ओळखायची तर दोन प्रश्न विचारायचे: पाणी किती खोल आहे, आणि ते किती खारट आहे? उत्तरं मिळाली की निम्मी ओळख पटते.

किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत खारफुटी. तिच्या मागे सब्खा, म्हणजे मिठाचा पापुद्रा धरलेली सपाट जमीन. सब्खाच्या मधोमध काहीही उगवत नाही, तिथे माती समुद्राहून खारट असते. काठावर मणी ओवल्यासारखी मांसल पानं असलेलं हॅलोपेप्लिस आणि त्याचे भाईबंद दिसतात. आणखी थोडं आत हर्म हे बुटकं, गोल फुगीर पानांचं झुडूप मैलोन्मैल पसरलेलं असतं. उंटही त्याला नाइलाज असेल तरच तोंड लावतो.

मग वाळूचे ढिगारे. दुबई, शारजा, उम्म अल कुवैनकडच्या तांबूस वाळूत घाफ (आपली शमी), अर्ता आणि मर्ख ही झुडपं, आणि थंदा नावाचं लव्हाळ्याच्या कुळातलं गवत. दक्षिणेला लिवाकडे ढिगारे शंभर-दीडशे मीटर उंच होतात आणि झाडोरा विरळ होतो. उतारावर तुरळक थंदा आणि अर्ता, बाकी वाळू. अल ऐनच्या बाजूला काही पट्ट्यांत घदा हे पांढुरक्या खोडाचं झुडूपवजा झाड भेटतं. जळणासाठी त्याची फार तोड झाली.

डोंगराच्या पायथ्याशी खडीची मैदानं आहेत. तिथला राजा समर, म्हणजे छत्रीसारखी सपाट बाभूळ. वर हजर डोंगरात खडकाच्या फटीत युफोर्बिया लॅरिकाच्या बिनपानी करड्या काड्या, जंगली शेवगा (मोरिंगा पेरेग्रिना), आणि जबल जैसकडे, 1900 मीटरच्या घरात, रानबदाम. वाद्यांमध्ये, म्हणजे कोरड्या नदीपात्रांत, बोरीच्या जातीचा सिद्र, झाऊ आणि रानकण्हेर. जिथे पाणी बारमाही झिरपतं तिथे ओल्या कड्यावर एपिपॅक्टिस नावाचं ऑर्किडसुद्धा फुलतं.

इतक्या कमी पाण्यात ही झाडं जगतात कशी?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. घाफचं सोटमूळ 30 मीटरपर्यंत खाली जाऊन भूजल गाठतं. पाऊस आला काय, न आला काय, त्याला फारसा फरक पडत नाही. ऐन मे महिन्यात, सगळं रखरखीत असताना, घाफला नवी पालवी असते. थंदा गवत याच्या उलट वागतं. त्याची मुळं उथळ आणि लांब पसरलेली, आणि प्रत्येक मुळाभोवती चिकट द्रवाने बांधलेलं वाळूचं आवरण असतं. ते मूळ भाजू देत नाही आणि रात्रीची ओल धरून ठेवतं. ढिगाऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला उघडी पडलेली मुळं नीट पाहिली तर हे आवरण हाताला लागतं.

मर्ख आणि अर्ता यांनी पानंच टाकून दिली आहेत. हिरव्या काड्याच अन्न बनवतात. हर्म पाण्याचा साठा पानात करतं आणि फारच ताण पडला तर पानं गाळून मोकळं होतं. तिवर, म्हणजे इथली खारफुटी, जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते.

सगळ्यात धूर्त म्हणजे सिस्टांके. जानेवारी ते मार्चमध्ये सब्खाच्या काठी जमिनीतून एकदम पिवळ्याधमक फुलांचा जाडजूड दांडा वर येतो. पान नाही, हिरवा रंग नाही. तो शेजारच्या झुडपाच्या मुळावर पोसला जातो, म्हणून कुंडीत लावायला उपटून नेला तर दोन दिवसांत कुजतो.

हिवाळ्यात पहाटेचं दाट धुकं आणि दव यांचाही उथळ मुळांच्या झाडांना हातभार लागतो, पण त्यावर भागत नाही.

घाफ म्हणजे आपली शमीच ना?

हो, तीच जात: प्रोसोपिस सिनेरारिया. दसऱ्याला पूजतात ती शमी, राजस्थानातली खेजडी आणि अमिरातीतला घाफ हे एकच झाड. 2008 मध्ये अमिरातीने घाफला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं आणि 2019 च्या ‘सहिष्णुता वर्षा’च्या बोधचिन्हातही तोच होता. दसऱ्याला पानं हवीत म्हणून रानातल्या घाफच्या फांद्या मोडू नका. घाफ तोडायला बंदी आहे. रोपवाटिकेतून एक रोप आणून कुंडीत ठेवलं तर दोन-तीन वर्षं पूजेपुरतं भागतं.

घाफ आणि वेडी बाभूळ यांच्यात गोंधळ होतो. ओळखायचं कसं?

फुलं दोन्हींची पिवळसर, लांब तुऱ्यांची, त्यामुळे फुलांवरून ठरवू नका. काटे पाहा. घाफचे काटे बारीक, गुलाबासारखे रुंद बुडाचे, फांदीवर कुठेही विखुरलेले. वेड्या बाभळीचे लांब, सरळ, बहुधा जोडीने आणि नेमके पानाच्या बेचक्यात. घाफची शेंग पेन्सिलीपेक्षा बारीक आणि लोंबती. वेड्या बाभळीची जाड, चपटी, पिवळी. घाफच्या कोवळ्या फांद्या खाली झुकतात आणि रंग राखाडी हिरवा असतो. वेडी बाभूळ जास्त गडद, नागमोडी फांद्यांची आणि बुंध्यापासूनच अनेक खोडं फुटलेली असते.

ओळख पटणं गरजेचं आहे, कारण वेडी बाभूळ (प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा) मूळची अमेरिका खंडातली. हिरवाई वाढवायला म्हणून आणली आणि आता वाद्यांत आणि मैदानांत घुसली आहे. विदर्भ-मराठवाड्यात जे झालं तेच इथे. उंट-शेळ्या शेंगा खातात, बी लेंडीतून धडधाकट बाहेर पडतं आणि खतासकट पेरलं जातं. तिच्या परागाने बऱ्याच जणांना सर्दी आणि दम्याचा त्रास होतो. जमिनीलगत कापली की दुप्पट जोमाने फुटते. मारायची तर मुळाच्या मानेखाली, जमिनीत 20-30 सेंटिमीटर खणून तोडावी लागते, आणि पुढची काही वर्षं बीजरोपं उपटत राहावं लागतं.

घाफ बियांपासून कसा वाढवायचा?

शेंगा उन्हाळ्यात पिकतात. झाडाखाली पडलेल्या घेण्यापेक्षा झाडावरच वाळलेल्या घ्या, पडलेल्या बहुतेक किडलेल्या असतात. बियांवर गोल भोक दिसलं की आत भुंगेरा होता असं समजून ती फेकून द्या. उरलेल्या बिया पाण्यात टाका, तरंगतील त्याही काढा.

कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, पाच-सात मिनिटं थांबा, मग त्यात बिया टाकून रात्रभर तशाच ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया पेरा. न फुगलेल्या बियांची, टोकदार बाजूच्या विरुद्ध बाजूची कड नेलकटरने जराशी कापून पुन्हा भिजवा. उकळतं पाणी विस्तवावर असतानाच त्यात बिया टाकल्या तर गर्भ शिजतो.

पिशवी किमान 30 सेंटिमीटर खोल हवी. इथेच बहुतेकांचं चुकतं. चहाच्या कपाएवढ्या कुंडीत सोटमूळ तळाला आपटून गोल फिरतं आणि तसं वळलेलं मूळ पुढे जमिनीत लावल्यावरही सरळ खाली जात नाही. माध्यम म्हणून तीन भाग धुतलेली वाळू आणि एक भाग कंपोस्ट. बी एक सेंटिमीटर खोल. उबदार हवेत आठ-पंधरा दिवसांत अंकुर दिसतो.

जमिनीत लावायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत, रोप गुडघ्याएवढं झाल्यावर. पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दोनदा, दर खेपेला 15 ते 20 लिटर. दुसऱ्या वर्षी अंतर वाढवत न्या. भोवती जाळी लावाच, उंट आणि शेळ्या कोवळा घाफ एका दिवसात साफ करतात.

लावलेला घाफ पाच-सहा वर्षांनी वादळात उन्मळला. असं का होतं?

रोज थोडं थोडं पाणी मिळालं म्हणून. ठिबकने दररोज पाच लिटर दिलं तर वरचा अर्धा मीटरच ओला राहतो, मुळं तिथेच घोटाळतात आणि वर माथा मात्र भरघोस होतो. तेच पाणी आठवड्याचं एकदम दिलं तर ओल खोल जाते आणि मूळ तिच्यामागे जातं. दुसरं कारण आधाराची काठी. ती वर्षानुवर्षं बांधलेली राहिली की खोडाला वाऱ्याची सवय होत नाही. एक वर्षात ती काढा.

खजुरीला फळ धरत नाही, किंवा धरतं ते खुजं आणि बिनबियांचं. काय करावं?

परागण झालेलं नाही. खजुरीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि वाऱ्यावर विसंबून चालत नाही. हजारो वर्षं हे काम माणूसच हाताने करत आला आहे. 40-50 माद्यांना एक नर पुरतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मादीची पोय (फुलोऱ्याचं बंद आवरण) तडकते. तडकल्यापासून पहिले तीन-चार दिवस मोलाचे. ताज्या फुललेल्या नर पोयीतल्या पाच ते दहा लोंब्या घ्या, मादी घोसाच्या मधोमध उलट्या खोचा आणि पानाच्या पट्टीने सैल बांधा, घोस वाढला की गाठ आपोआप सुटली पाहिजे. सगळ्या पोया एकाच दिवशी तडकत नाहीत, त्यामुळे महिनाभर झाडावर तीन-चारदा चढावं लागतं. काही तासांतच पाऊस आला तर पुन्हा करा. हवा फार गार असली तरी फळ कमी धरतं. अशा वेळी सकाळी करण्यापेक्षा दुपारी केलेलं बरं. परागण न झालेल्या फुलातून एकाच देठावर तीन चिमुकली बिनबियांची फळं येतात. ती दिसली की निदान पक्कं.

पुढचं काम विरळणीचं. एका घोसाला पोसायला आठ-दहा निरोगी पानं लागतात, त्या हिशेबाने मोठ्या झाडावर आठ-दहाच घोस ठेवा. हावरटपणे सगळे ठेवले तर फळ बारीक राहतं आणि पुढल्या वर्षी झाड संप करतं. एप्रिल-मेमध्ये देठ लवचीक असताना घोस पानांतून खाली ओढून पानाच्या दांड्याला बांधायचे. उशीर झाला तर देठ मोडतो.

फळ आधी हिरवं, मग पिवळं किंवा लाल आणि कुरकुरीत (खलाल), मग मऊ (रुतब), शेवटी सुकलेलं (तमर). जातींमध्ये नघाल सगळ्यात आधी येते; खलास, लुलू, खनेझी मागून. बरही ही जात खलाल अवस्थेतच गोड असते, बाकीच्यांनी बहुधा घसा धरतो. खारकेचा उगमही याच टप्प्यावर आहे: ओमानमध्ये मबसली जातीची पिवळी फळं उकळून उन्हात वाळवतात आणि तो माल पूर्वापार भारतात येतो.

खजुरी बी पेरून लावावी की फुटवा?

फुटवा. बियांतून निम्मी झाडं नर निघतात, ते कळायलाच चार-पाच वर्षं जातात, आणि मादी निघाली तरी फळ आईसारखं येईल याची हमी नाही. बुंध्याशी आलेला, स्वतःची मुळं फुटलेला, तीन-चार वर्षांचा, 10 ते 20 किलोचा फुटवा घ्या. दोन झाडांत आठ मीटर अंतर ठेवा. आळ्यातलं पाणी फुटव्याच्या गाभ्यात शिरता कामा नये, गाभा कुजला की सगळं संपलं. वाढलेल्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला 150 लिटरच्या आसपास पाणी लागतं.

खजुरी क्षार सोसते, पण फुकट नाही. मातीची क्षारता 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत (हे क्षारता मोजायचं एकक) असली तर उत्पन्नाला धक्का नाही. 18 च्या सुमारास ते निम्म्यावर येतं. तुलनेला, घेवडा 1 वरच कुरकुरायला लागतो. खारट बोअरचं पाणी देत असाल तर प्रत्येक वेळी 15-20 टक्के जास्त द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुऊन जाईल.

खजुरीच्या खोडातून तपकिरी चीक येतो आणि आंबूस वास येतो.

सोंड्या भुंगा. कोकणात माडाचा जीव घेतो तोच. मूळचा आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या प्रदेशातला. 1980 च्या दशकात आखातात पोहोचला आणि तिथून जगभर पसरला. मादी जखमेत अंडी घालते, अळ्या आतून खोड पोखरतात आणि शेंडा मान टाकेपर्यंत बाहेर फारसं दिसत नाही. मधला एखादा फुटवा एकटाच सुकणं, खोडाला भोक आणि त्यातून चावलेला भुसा, कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज, ही आधीची लक्षणं.

पानं आणि फुटवे हिवाळ्यात काढा आणि त्याच दिवशी कापाला कीटकनाशक किंवा मातीचा लेप लावा. गंधसापळ्याची बादली (कामगंधाची पुडी, खजूर आणि पाणी) झाडांपासून दूर, सावलीत ठेवा. खोडालाच टांगलेला सापळा भुंग्यांना घरी बोलावतो. पाणी आटलं तर पकडलेले भुंगे उडून जातात, म्हणून दर आठवड्याला भर घाला. लागण झालेलं झाड तसंच तोडून टाकू नका. पालिकेला कळवा, ते बारीक करून नष्ट करावं लागतं.

इथली खारफुटी मुंबईसारखीच का?

जात एकच, तिवर (अॅव्हिसेनिया मरिना). फरक असा की मुंबईच्या खाड्यांत तिच्या जोडीला आणखी बऱ्याच जाती आहेत, अमिरातीत नैसर्गिकरीत्या उरलेली ही एकटीच. उंचीही कमी, बहुतेक ठिकाणी तीन ते पाच मीटर. नद्या नाहीत, आखाताचं पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षा खारट, आणि हिवाळा गार. अबू धाबीत जुबैल, दुबईत रास अल खोर आणि पूर्व किनाऱ्यावर खोर कलबा इथे ती पाहता येते. 2030 पर्यंत 10 कोटी रोपं लावण्याचं उद्दिष्ट देशाने 2021 मध्ये जाहीर केलं.

लावायची असेल तर परवानगी घेऊन, गटासोबतच. बी उन्हाळ्याच्या शेवटी पिकतं. खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस भिजवलं की साल सुटते, मग चिखलात निम्मं बसेल इतकंच दाबायचं. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला लावा. फार खाली लावलं तर लाट उपटते, फार वर लावलं तर मीठ साचून रोप जळतं. पाय ठेवताना पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं तुडवू नका.

रानफुलं बघायला कधी जावं?

पहिल्या चांगल्या पावसानंतर पाच-सहा आठवड्यांनी. बहुधा जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. पावसाशिवायच्या वर्षी हट्ट धरू नका. वाळूत सराट्याचा मोठ्या पिवळ्या फुलांचा भाऊबंद दिसेल, खडीवर कफ मरियम. ही दुसरी वाळल्यावर मुठीसारखी मिटते आणि पाणी मिळालं की उघडते. बाजारात मिळते ती मेलेलीच असते. उघडणं हा फक्त ऊतींत पाणी शिरण्याचा परिणाम, ती पुन्हा जिवंत होत नाही.

कुठल्या झाडांपासून सावध राहावं?

रुईपासून आधी. मारुतीला माळ वाहतो त्याच कुळातली, इथे तिला अशखर म्हणतात. चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रस्त्यालगत रुईच रुई दिसली तर ओळखा की तिथे चराई फार झाली आहे, कारण जनावरं बाकीचं संपवतात आणि तिला सोडतात. हरमल (राझिया) झुडपाचंही तसंच. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी, तिच्या काडीवर मांस भाजू नका. हंझल म्हणजे आपलं कडू इंद्रावण: वाळूवर पसरलेला वेल, क्रिकेटच्या चेंडूएवढी फळं, लहान मुलांना कलिंगड वाटावं अशी. गर अतिशय कडू आणि जहाल रेचक.

खाण्याजोगं काही?

डोंगरात पावसानंतर उगवणारा हुम्मैद म्हणजे आंबट चुका, अगदी भाजीवालीकडे मिळतो तोच. सिद्रची फळं बोरासारखी, थोडी लहान. सिद्रला शरद ऋतूत फुलं येतात आणि त्याचा मध सगळ्यात महाग. समरचा मध उन्हाळ्याच्या तोंडाशी, जास्त गडद. पश्चिमेकडच्या भागात हेलियॅन्थेममच्या झुडपांजवळ फगा नावाची भूछत्रं जमिनीखाली वाढतात, पण ती शोधायला जाणत्याचीच सोबत हवी.

बाल्कनीत तुळस, कढीपत्ता, मोगरा टिकत नाही.

तिन्ही टिकतात. बहुतेक वेळा मारेकरी ऊन नसतं, गरम मुळं असतात. काळी प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की मुळं शिजतात. फिकट रंगाची, किमान 30 सेंटिमीटरची कुंडी घ्या किंवा एका कुंडीत दुसरी ठेवा. एसीच्या बाहेरच्या युनिटचा झोत झाडावर येता कामा नये.

गच्चीवरच्या टाकीतलं नळाचं पाणी उन्हाळ्यात हाताला चटका देतं. संध्याकाळी बादली भरून घरात ठेवा आणि सकाळी सहाच्या आत घाला. मे ते सप्टेंबर 50 टक्के सावलीची जाळी लावा. माती म्हणून चार भाग पॉटिंग सॉइल, तीन भाग कंपोस्ट, दोन भाग पर्लाइट. नुसती लाल वाळू घातली तर पाणी दोन मिनिटांत तळातून बाहेर. कुंडीच्या कडेला पांढरा थर आला तर तो खतातल्या क्षारांचा. कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून धुऊन काढा आणि पुढचं खत निम्म्या मात्रेने द्या. एसीचं ठिबकणारं पाणी शोभेच्या झाडांना चालतं, त्यात क्षार नसतात आणि पोषणही नसतं.

मेथी, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो ऑक्टोबर ते मार्चमध्येच. कोथिंबीर एप्रिलनंतर उगवलीच तर लगेच फुलावर येते. कढीपत्ता जानेवारीत पानं गाळतो, घाबरून पाणी वाढवू नका. शेवगा आणि गवती चहा ज्याला काहीच जमत नाही त्यालाही जमतात.

कुंपणाच्या आत हिरवं आणि बाहेर उघडं, हा फरक कशामुळे?

उंट. पूर्वी कळप हिंडता असायचा, चरलेल्या जागेला विसावा मिळायचा. आता चारा आणि पाणी टँकरने येतं, कळप एकाच जागी राहतो आणि रोपटं वर येऊच शकत नाही. दुबईचं वाळवंट संवर्धन राखीव क्षेत्र 2003 मध्ये झालं, सुमारे 225 चौरस किलोमीटर. चराई थांबली तिथे गवतं आणि झुडपं आपोआप परतली, पेरणी न करता. ढिगाऱ्यांवर गाड्या उडवण्यानेही तेच नुकसान होतं. चाकाखाली थंदाची उथळ मुळं तुटली की वाळू सरकायला मोकळी.

भारतातून रोप आणता येतं का?

सामानात घालून नाही. आयात परवाना आणि भारतातलं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि मातीसकट काहीही चालत नाही. बियांच्या पुड्यांनाही हाच नियम आहे, विमानतळावर जप्त होतात. तुळस, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, विड्याचं पान हे सगळं दुबईत वरसानच्या रोपवाटिकांत आणि अबू धाबीत मीनाच्या झाडबाजारात मिळतं. ऑक्टोबरच्या आधी घेऊ नका. एसीतून किंवा दाट सावलीतून आलेलं रोप सप्टेंबरच्या उन्हात दोन दिवसही निभत नाही. घरी आणल्यावर पहिला आठवडा सावलीत, मग रोज तासाभराने ऊन वाढवत न्या.